सुंठ, गुळवेल आणि गुडघ्याची कसोटी

प्रश्न : माझा मुलगा रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत आहे. त्याचे कोरियन साहेब सांगतात, की त्यांच्याकडे कंबर धरली, गुडघा आखडला की लोक सरळ पारंपरिक कोरियन वैद्याकडे जातात, सुया टोचून घेतात, औषधी घेतात, आणि तिथल्या मोठ्या रुग्णालयांत या उपचारांच्या रीतसर चाचण्याही होतात. मी ६३ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात. ‘वंगण संपलंय’ असं सगळे सांगतात. वैद्यांचं औषध चालू आहे, फारच झालं तर पेनकिलर घेते. आपल्या आयुर्वेदिक औषधांची दुखण्यावर अशी कसोशीने तपासणी कधी कुणी केली आहे का? केली असेल तर निकाल काय लागला? कोरियातले लोक या बाबतीत आपल्या पुढे आहेत का? आणि मी माझं औषध चालू ठेवू का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तपासणी झाली आहे, आणि तिचा मोठा भाग पुण्यातच झाला आहे. कॅम्पात कॉन्व्हेंट स्ट्रीटवर सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस नावाची संस्था आहे. तिचे प्रमुख डॉ. अरविंद चोप्रा हे आधुनिक वैद्यकातले सांधेरोगतज्ज्ञ. त्यांनी, पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदिक औषधांना तीच कसोटी लावली, जी एखाद्या नव्या ॲलोपॅथिक गोळीला बाजारात येण्याआधी द्यावी लागते. निकाल संमिश्र आहेत. मला हे काम मोलाचं वाटतं ते या संमिश्रपणामुळेच. मनासारखं आलं ते छापलं आणि मनाविरुद्ध आलं तेही छापलं.

आधी दुखणं किती आहे ते पाहू. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणाऱ्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली चोप्रा यांच्या चमूने भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली. हिवाळ्यात आपण फ्लेमिंगो पाहायला जातो, तेच पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण. गावातल्या ४,०९२ प्रौढांची माहिती घेतली गेली. त्यातल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा जणांना, हाडं, सांधे किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. हृदयविकार आणि मधुमेहाची मोजदाद सगळीकडे चालते. उसाच्या आणि मासेमारीच्या गावात कंबर-गुडघे धरून काम करणाऱ्या माणसांची मोजदाद मात्र त्याआधी आपल्याकडे फारशी कुणी केली नव्हती.

आता चाचणीकडे येऊ. तिची पहिली अडचण अशी, की दुखणं दिसत नाही. साखर रक्तात मोजता येते, रक्तदाबाला यंत्र आहे. गुडघेदुखी किती आहे हे फक्त ती सोसणाराच सांगू शकतो. म्हणून कागदावर दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ देतात. डाव्या टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, उजव्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. रुग्णाने आपल्या दुखण्याच्या जागी खूण करायची, मग ती पट्टीने मोजायची. दिसायला भाबडा प्रकार वाटतो, पण जगभरच्या वेदनाशामक औषधांचे निकाल या रेघेवर उभे आहेत.

रेघेच्या जोडीला एक प्रश्नावली असते. कॅनडात तयार झालेली ‘वोमॅक’ नावाची प्रश्नावली गुडघ्याच्या झिजेसाठी सगळीकडे वापरतात. मोजे घालताना त्रास होतो का, बाथटबमध्ये उतरताना होतो का, गाडीत बसताना-उतरताना होतो का, असे तिचे प्रश्न. आता भिगवणच्या किंवा धायरीच्या आजींना बाथटबचं काय विचारणार? पुण्याच्या चमूने ही प्रश्नावली आपल्या जगण्याला बेतून घेतली. मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, असे प्रश्न तिच्यात आले. एखादी बाई पूजेला किंवा पंगतीला खाली बसू शकते की नाही, हे तिच्या गुडघ्याचं खरं मोजमाप. संशोधन आपल्या मातीतलं असावं असं आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. इथे ते प्रश्नावलीच्या एकेका ओळीपर्यंत उतरलेलं दिसतं.

दुसरी अडचण रुग्णाच्या विश्वासाची. औषध मिळालं या नुसत्या समजुतीनेही दुखणं उतरतं. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढच्या काही आठवड्यांत ते आपोआपही थोडं खाली येतंच. म्हणून काही रुग्णांना औषध आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो, द्यावी लागते. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. सुंठेचा, हळदीचा वास लपवून हे करणं वनस्पतीच्या औषधात अवघड असतं, पण करता येतं.

अशी पहिली मोठी चाचणी २००० साली ‘जर्नल ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाली. ती गुडघ्याच्या झिजेची नव्हती. आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची होती. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांच्या अर्कांचं एक मिश्रण १८२ रुग्णांत १६ आठवडे तपासलं. औषधाच्या गटात ३९ टक्के रुग्णांना ठरलेल्या निकषाइतका आराम पडला. प्लासिबोच्या गटात ३० टक्क्यांना. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. म्हणजे आयुर्वेदाच्या बाजूने उत्साहाने उतरलेल्या संशोधकांच्या हाती पहिल्याच मोठ्या प्रयत्नात ‘ठामपणे सांगता येत नाही’ हे उत्तर आलं, आणि त्यांनी ते तसंच छापलं. आमवातात प्लासिबोने तीस टक्के लोकांना बरं वाटतं, हा त्या चाचणीचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष. ‘माझ्या मावशीला अमुक औषधाने फरक पडला’ या वाक्याचं वजन किती धरायचं, ते त्यातून कळतं. मावशी खोटं बोलत नसते. फरक कशाने पडला, एवढं मात्र तिच्या एकटीच्या अनुभवावरून सांगता येत नाही.

तेच चार वनस्पतींचं मिश्रण पुढे गुडघ्याच्या झिजेवर ९० रुग्णांत ३२ आठवडे तपासलं गेलं. २००४ साली आलेल्या त्या निकालात मात्र ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली. एकच औषध एका सांधेरोगात ठामपणे टिकत नाही आणि दुसऱ्यात टिकतं. ‘सांधेदुखीवर रामबाण’ असं बाटलीवर छापणाऱ्यांना हा फरक माहीत नसतो किंवा माहीत करून घ्यायचा नसतो.

यानंतरचा टप्पा सरकारी पैशातून झाला. डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना ‘न्यू मिलेनियम इंडियन टेक्नॉलॉजी लीडरशिप इनिशिएटिव्ह’ ही योजना निघाली. तिच्यात गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषध शोधण्याचा प्रकल्प घेतला गेला. वैद्य, सांधेरोगतज्ज्ञ, वनस्पतींच्या अर्काचं प्रमाणीकरण करणारे रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळेतले जीवशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एका टेबलाशी आले. डॉ. गिरीश टिल्लू, डॉ. संजीव सरमुकादम, डॉ. कल्पना जोशी, डॉ. मनजित सलुजा अशी पुण्यातली बरीच नावं त्या शोधनिबंधांवर दिसतात.

यातलं एक काम मी वाचकांना आवर्जून सांगते. गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेत झिजलेली कूर्चा काढून टाकावी लागते. रुग्णांच्या संमतीने अशा कूर्चेचे बारीक तुकडे प्रयोगशाळेत जगवून त्यांवर अश्वगंधेचा आणि आवळ्याचा अर्क टाकून पाहिला गेला. कूर्चा झिजते तेव्हा तिच्यातून काही घटक सुटून बाहेरच्या द्रवात येतात. ते किती आले हे मोजलं की अर्काने झीज रोखली की नाही, याचा अंदाज येतो. काही रुग्णांच्या कूर्चेत अर्काने झीज रोखल्याचं दिसलं, काहींच्या कूर्चेत दिसलं नाही. शेजारच्या काकूंना लागू पडलेलं औषध तुम्हाला का पडत नाही, या नेहमीच्या तक्रारीची मुळं कदाचित इतकी खोल असतील. तरीही काचेच्या बशीतली कूर्चा म्हणजे चालता-बोलता गुडघा नव्हे. त्यामुळे एवढ्यावर कुणी थांबलं नाही.

मग माणसांवर दोन फेऱ्या झाल्या. पहिली शोधक फेरी २४५ रुग्णांची. सात गट, १६ आठवडे. पाच वेगवेगळी आयुर्वेदिक मिश्रणं, एक प्लासिबो आणि एक गुडघेदुखीवर दिलं जाणारं ग्लुकोसामाइन. तिचा अहवाल २०११ साली आला. त्यातून धडा घेऊन निर्णायक फेरी ठरली. तिचा निकाल २०१३ साली ब्रिटनच्या ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर या निबंधात आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

गुडघ्याची झीज आणि दुखणं असलेले ४४० रुग्ण घेतले. त्यांचे चार गट पाडले. दोन गटांना आयुर्वेदिक मिश्रणं, ज्यांत गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालईचा डिंक यांचे प्रमाणित अर्क होते. तिसऱ्या गटाला रोज दोन ग्रॅम ग्लुकोसामाइन. चौथ्याला रोज २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब, म्हणजे हाडांचे डॉक्टर सर्रास लिहून देतात ती पेनकिलर. चोवीस आठवडे. कुणाला काय मिळतं ते रुग्णाला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. पुण्याबरोबर मुंबई, दिल्ली आणि हैदराबादचे तज्ज्ञही यात होते.

सहा महिन्यांनी चारही गटांत दुखणं उतरलं होतं आणि जवळपास सारखंच उतरलं होतं. आयुर्वेदिक मिश्रणं सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन यांच्या तोडीची ठरली. ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली आणि ‘आयुर्वेद जिंकला’ अशा सुरात आली.

निबंधात मात्र पुढे आणखी एक ओळ आहे. आयुर्वेदिक मिश्रणं घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी वाढलेलं आढळलं. एसजीपीटी हा यकृतातला घटक. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. या रुग्णांना काही त्रास जाणवत नव्हता, यकृताच्या इतर तपासण्या ठीक होत्या, आणि औषध थांबवल्यावर आकडे पूर्ववत झाले. संशोधकांनी हे अनपेक्षित असल्याचं म्हटलं आणि सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा असं निष्कर्षातच लिहिलं, तळटीपेत नाही.

त्या ओळीचं मोल किती, हे आठ वर्षांनी कळलं. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घराघरात गुळवेलीचा काढा उकळू लागला. कुंपणावर, कडुनिंबावर चढलेली वेल लोक तोडून आणत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात चुकून घेतली गेली असावी, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. हा वाद खरा आहे आणि दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत. पुण्याच्या चाचणीतल्या मिश्रणांत इतरही वनस्पती होत्या, त्यामुळे दोष गुळवेलीचाच असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण ‘वनस्पती आहे, अपाय काय करणार’ हे आपल्या घरोघरी ऐकू येणारं वाक्य २०१३ सालीच तपासून चुकीचं ठरलेलं होतं. ते लोकांपर्यंत पोचलं असतं तर काढा घेणाऱ्या कितीतरी जणांनी मधुमेहाची किंवा यकृताची पूर्वपीठिका डॉक्टरांना सांगून मगच तो घेतला असता, असं मला राहून राहून वाटतं. ‘आयुर्वेद जिंकला’ एवढंच छापणाऱ्यांनी आपल्या वाचकांचं नुकसान केलं.

आता या चाचणीत काय राहून गेलं तेही सांगायला हवं. निर्णायक फेरीत प्लासिबोचा गट नव्हता. दुखणाऱ्या माणसाला सहा महिने औषधाविना ठेवणं नैतिकदृष्ट्या अवघड असतं, हे खरं. पण त्यामुळे एक फट उरते. २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ग्लुकोसामाइन प्लासिबोपेक्षा ठामपणे सरस ठरलं नाही. त्या चाचणीत नुसत्या प्लासिबोने ६० टक्के लोकांचं गुडघ्याचं दुखणं ठरलेल्या निकषाइतकं उतरलं होतं. सेलेकॉक्सिबने ७० टक्क्यांचं. मग ग्लुकोसामाइनच्या तोडीचं असणं हा मोठा दाखला नाही. सेलेकॉक्सिबच्या तोडीचं असणं हा जास्त वजनाचा दाखला, पण तिथेही ‘तोडीचं’ कशाला म्हणायचं याची मर्यादा दहा सेंटिमीटरच्या रेघेवर दीड सेंटिमीटरची धरली होती. माझ्या मते ती जरा सैल आहे. गुडघेदुखीत औषध आणि प्लासिबो यांच्यातलं अंतरच पुष्कळदा त्याहून लहान असतं. या संशोधकांबद्दल मला आदर आहे. तो आहे म्हणूनच त्यांच्या निकालात नसलेलं त्यात घालणं मला पटत नाही.

आता कोरिया.

तिथली परंपरा जुनी आणि लिखित आहे. हो जुन या राजवैद्याचा ‘दोंगुई बोगाम’ हा ग्रंथ १६१३ साली छापला गेला आणि २००९ साली युनेस्कोने तो जागतिक स्मृतिठेव्यात घेतला. पण तुमच्या मुलाचे साहेब जे सांगतात, त्यामागे ग्रंथापेक्षा व्यवस्था जास्त आहे. कोरियन वैद्य सहा वर्षं विद्यापीठात शिकतो. त्याचा परवाना १९५१ च्या कायद्यापासून आधुनिक डॉक्टरच्या परवान्यापेक्षा वेगळा. आणि १९८७ पासून सुयांचा उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतो. २०१९ मध्ये ‘चुना’ हा हाताने सांधे-मणके बसवण्याचा उपचारही विम्यात आला. विमा पैसे देतो म्हटल्यावर सरकार विचारणार, की याचा उपयोग होतो हे दाखवा. तिथल्या बऱ्याच चाचण्यांमागे हा रेटा आहे. आपल्याकडे गुग्गुळाची बाटली माणूस स्वतःच्या खिशातून घेतो, त्यामुळे पुरावा मागायला कुणी बसलेलंच नसतं.

त्यांची एक चाचणी डोळ्यांपुढे उभी राहील अशी आहे. कंबर अचानक धरून हालता न येणारे ५८ रुग्ण घेतले. निम्म्यांना डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. उरलेल्यांना सुया टोचल्या आणि त्या अंगात तशाच ठेवून, दोन्ही बाजूंनी आधार देत, हळूहळू चालवलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर चालवलेल्या गटाचं दुखणं इंजेक्शनच्या गटापेक्षा बरंच जास्त उतरलं होतं. दहाच्या मापावर तीन अंकांहून अधिक फरक होता. दोन आणि चार आठवड्यांनीही तो टिकून होता. २०१३ साली ‘पेन’ या नामांकित नियतकालिकात हे आलं. म्हणजे ज्या वर्षी पुण्याचा निबंध आला त्याच वर्षी.

निकाल डोळे दिपवणारा आहे. पण या चाचणीत कुणाला काय मिळालं हे प्रत्येकाला ढळढळीत दिसत होतं. बिछान्यावरून उठता न येणाऱ्या माणसाला वैद्याने स्वतः धरून चालवणं, यात सुयांचा वाटा किती आणि ‘मी चालू शकतो’ या धीराचा किती, हे वेगळं काढता येत नाही. सुयांच्या बाबतीत हा पेच जुना आहे. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. नेहमीचे आधुनिक उपचार घेणाऱ्यांत मात्र फक्त २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुया उपयोगी पडतात, पण त्या नेमक्या कुठे टोचायच्या याची शेकडो वर्षांची विद्या फारसा फरक पाडत नाही, असा अडचणीचा निष्कर्ष त्यातून निघतो.

सुयांचा हा उपचार भारतात आला त्याची वाटही मराठी वाचकांना जवळची वाटेल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते इथे रुजवलं. आज महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे.

औषधांच्या बाबतीत कोरियन आणि पुण्याचे संशोधक कमालीचे सारखे वागले. कोरियातल्या पारंपरिक पाठातून सहा वनस्पतींचं ‘शिनबारो’ नावाचं गुडघेदुखीचं औषध तयार झालं. त्याचीही तुलना कुणाशी केली? सेलेकॉक्सिबशीच. १९८ रुग्ण, १२ आठवडे, दोन्ही बाजूंनी अंध चाचणी. तिथेही निकाल बरोबरीचा. म्हणून तुमच्या ‘पुढे आहेत का’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं : शास्त्रात नाहीत. पुण्याची चाचणी रुग्णसंख्येने मोठी आणि कालावधीने दुप्पट होती. पुढे आहेत ते नंतरच्या पायरीवर. त्यांचं तपासलेलं औषध सरकारी मान्यतेने, ठरलेल्या अर्कासह, त्याच नावाने डॉक्टरच्या चिठ्ठीवर जातं. पुण्याच्या चाचणीतल्या रुग्णांनी सहा महिने घेतलेली ती नेमकी आयुर्वेदिक कॅप्सूल तुम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानात मागता येईल, अशी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली नाही. सार्वजनिक पैसा, दहा-बारा वर्षांची मेहनत आणि शेकडो रुग्णांचा विश्वास खर्ची पडलेल्या कामाचं असं व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा धागा इथेच आहे. तुमच्या वैद्यांच्या औषधात सुंठ, गुळवेल, गुग्गुळ असेलही. पण चाचणी झाली ती विशिष्ट प्रमाणात, विशिष्ट रीतीने काढलेल्या अर्कांची. त्याच वनस्पतींचं दुसऱ्या कारखान्याचं चूर्ण किंवा घरचा काढा म्हणजे तेच औषध, असं धरता येत नाही. सालईचा डिंक आणि गुग्गुळ हे दोन वेगळ्या झाडांचे, हेही लक्षात असू द्या. बोलताना आपण दोघांनाही गुग्गुळ म्हणून टाकतो. पाठात भस्म असेल तर शिसं-पाऱ्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा जवळपास पाचातल्या एका उत्पादनात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. आणि कुणी नाव-पत्ता नसलेली पुडी देऊन ‘आठ दिवसांत पळायला लागाल’ म्हणालं तर ती घेऊच नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या डॉक्टरांच्या नोंदी आहेत. सुरुवातीला फार बरं वाटतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

औषध चालू ठेवायचं की नाही हे या स्तंभातून सांगणं योग्य नाही. ते तुम्हाला पाहिलेल्या वैद्यांनी आणि डॉक्टरांनी ठरवायचं. पण दोघांना एकमेकांबद्दल माहिती द्या. पेनकिलर कधीमधी घेता असं तुम्ही लिहिलंय. ती कोणती, महिन्यातून किती वेळा, हे वैद्यांना ठाऊक हवं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर या गोळ्या मनाने घेऊ नका. सांधा सुजून गरम होत असेल, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला राहत असेल, बोटांचे सांधेही दुखत असतील, तर ही नुसती झीज नसून आमवात असू शकतो. त्यात वेळ दवडू नये, सांधेरोगतज्ज्ञाला दाखवावं. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. गुडघ्याच्या झिजेत व्यायाम आणि वजन उतरवणं यांच्या बाजूचा पुरावा कुठल्याही कॅप्सूलपेक्षा भक्कम आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करून थोडा वेळ धरून ठेवायचा, हा त्यातला सगळ्यात साधा. पर्वतीच्या पायऱ्या मात्र तूर्त नकोत.

एखाद्या औषधाच्या जाहिरातीत ‘चाचणीने सिद्ध’ असं दिसलं तर तुमच्या मुलाला एक काम सांगा. भारतात होणाऱ्या प्रत्येक चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत करणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. औषधाचं नाव टाकून शोधायचं. किती रुग्ण, तुलना कशाशी, किती आठवडे, हे तिथे लिहिलेलं असतं. नोंदच सापडली नाही तर विक्रेत्याला क्रमांक विचारा.

आणि गुळवेल असलेलं कुठलंही औषध महिनोन्‌महिने चालू असेल तर पुढच्या वेळी साखरेसाठी रक्त द्याल तेव्हा यादीत एसजीपीटी आहे ना, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.